शेवटच्या सायकलीवरचे साडू

नाशकात रविवारी सकाळी जेवढी माणसं घोळक्याने सायकल चालवतात, त्यांतली जी संध्याकाळी धडधाकट घरी असतात ती आमच्या साडूंच्या पुण्याईने, आणि जी प्लास्टरमध्ये असतात ती साडूंचं न ऐकल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. साडूंचं स्वतःचं मत याहून कडक आहे. त्यांच्या मते घोळक्याने सायकल चालवणं हाच मुळात वेडेपणा. सायकल हे एकट्या माणसाचं वाहन. वीस शहाणी माणसं एकत्र आली की प्रत्येकाला वाटतं, रस्ता दुसरा बघतोय. असं मत असूनही गेल्या सात वर्षांत त्यांनी रविवार चुकवल्याचं मला आठवत नाही. एकदा मी त्यांना विचारलं, एवढं पटत नाही तर येता कशाला? ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही समदे मरायला निघालेच हाय, तर मोजायला कुणी नको का?"

नातं सांगायचं तर माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बहिणीला आम्ही सगळे ताई म्हणतो. मखमलाबादला त्यांचा फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, गुलाब. पंधराव्या वर्षापासून पहाटे उठायचं, काळ्या सायकलच्या कॅरिअरवर डोक्याच्या वर जातील एवढ्या फुलांच्या पाट्या बांधायच्या आणि उजाडायच्या आत पंचवटीतला फुलबाजार गाठायचा, हा त्यांचा तीसएक वर्षांचा नेम. पुढे घरात टेम्पो आला, पण सायकल गेली नाही. माझा सायकलशी संबंध आला तो सेहेचाळिसाव्या वर्षी, कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात पडल्यावर. विमा कंपनीत बसून दुसऱ्यांच्या आयुष्याची काळजी वाहण्यात माझं स्वतःचं पोट सुटलं होतं. मी एक बारीक चाकांची सायकल घेतली, गंगापूर रोडवरच्या एका क्लबात नाव घातलं आणि घरात रोज सरासरी वेगाविषयी बोलू लागलो. बायकोने घाबरून ताईला फोन केला. ताईने साडूंना सांगितलं, एकदा जाऊन बघा तरी, ह्यांचं काय चाललंय ते.

साडू आले आणि त्यांनी बघितलं. अंगाला चिकटलेले रंगीबेरंगी कपडे घातलेली वीस-बावीस माणसं रस्ताभर पसरून चालली आहेत, तिघं तिघं शेजारी, गप्पा चालू, एकाचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला जवळजवळ टेकलेलं, आणि मधूनच कोणीतरी मोर दिसला म्हणून कचकन ब्रेक दाबतोय. या सगळ्याच्या मागे पायजम्याला कपड्यांचे चिमटे लावून, काळ्या सायकलवरून, एक शब्द न बोलता साडू येत होते. गिरणाऱ्याला चहाला थांबलो तेव्हा क्लबातल्या कोणीतरी कौतुकाने विचारलं, काका, कसं वाटलं? साडूंनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "लग्नाच्या वरातीत बी पुढं घोडं आन् मागं बत्तीवाला असतो. तुमच्यात समदेच नवरदेव." पुढच्या रविवारी ते न बोलावता आले, सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले, आणि ती जागा त्यांची झाली.

हेल्मेटला आधी त्यांचा विरोध होता. मग ताईने टोपी आत राहील एवढं मोठं हेल्मेट शोधून आणलं आणि प्रश्न मिटला. गांधी टोपीची कड हेल्मेटखालून अर्धा इंच दिसत असे. रात्री चमकणारी जाकिटं त्यांना मुळीच मान्य नव्हती. झेंडूइतकं लांबून दिसणारं जगात काही नाही, असं सांगून ते ताज्या झेंडूची माळ आपल्या कॅरिअरला आडवी बांधून यायचे. आम्ही हसलो. मग एका धुकट सकाळी आमचे हाडांचे डॉक्टर पंक्चर काढायला मागे थांबले होते, त्यांनी सांगितलं की जाकीटवाले सगळे धुक्यात विरघळले, माळ तेवढी शेवटपर्यंत दिसत होती. तेव्हापासून आम्ही माळेविषयी काही बोलत नाही.

अंतराचं शास्त्रही त्यांनी मळ्यातूनच आणलं. एका रविवारी गंगापूर धरणाजवळ त्यांनी आम्हा सगळ्यांना सायकलींसकट मोकळ्या जागेत उभं केलं आणि रोपं लावावीत तसं लावलं. झेंडू दाट लावला की एका रोपाला मर लागते आणि सगळी सरी जाते, तसंच तुमचं, असं त्यांनी समजावलं. दोघांत एका सायकलीचं अंतर, उताराला दोन. हाडांचे डॉक्टर पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवायचे, कारण त्याने वारा कमी लागतो असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. साडूंनी त्यांना बाजूला घेतलं आणि फार अदबीने सांगितलं की डॉक्टर, गिऱ्हाईक वाढवायचं असंल तर दवाखान्यात बसून वाढवा. डॉक्टर आता सर्वांत जास्त अंतर ठेवतात आणि नवीन माणसांना झेंडूचं उदाहरण स्वतःचं म्हणून देतात.

क्लबात हाताच्या खुणा होत्या. खड्डा आला की बोट खाली, गिट्टी आली की पंजा हलवायचा, थांबायचं तर मूठ पाठीवर. साडूंना हँडलवरून हात काढणं हाच गुन्हा वाटे. खड्ड्याच्या तोंडावर एक हात सोडून दुसऱ्याला वाट दाखवणारा माणूस आधी स्वतः आत जाणार, हे त्यांचं म्हणणं दोनदा खरं ठरलं, आणि दोन्ही वेळा तो माणूस मीच होतो. मग त्यांनी बोलायची पद्धत घातली. खड्डा डावा. वाळू. कुत्रं. थांबतोय. पहिल्याने म्हणायचं, दुसऱ्याने ऐकून मागे द्यायचं, आणि तोंडाने सांगितल्याशिवाय ब्रेकला बोट लावायचं नाही. ही सवय आमच्या हाडीमाशी इतकी खिळली की मी घरात स्वयंपाकघराच्या दारात थबकण्यापूर्वी "थांबतोय" म्हणू लागलो. मागून हातात पातेलं घेऊन येणाऱ्या बायकोला त्याचा एकदा खरंच उपयोग झाला, पण तिने ते कबूल केलं नाही.

गावोगावचे गतिरोधक हा त्यांचा खास प्रांत. आमच्याकडे गतिरोधकाला पांढरे पट्टे नसतात, पाटी नसते. तो आपल्या लक्षात येतो तेव्हा आपण हवेत असतो. साडूंना प्रत्येक गतिरोधक कोणी आणि का बसवला हे माहीत. त्यामुळे ते मागून नावाने पुकारा करत: पाटलांचा आला, शाळेचा आला, मेलेल्या म्हशीचा आला. नवीन माणूस हमखास म्हैस शोधायला मान वळवी आणि आपटे. म्हैस जाऊन बारा वर्षं झाली होती, गावकऱ्यांनी तिच्या दुःखात एका दिवसात सिमेंट ओतलं होतं आणि ते आजतागायत तसंच आहे.

त्यांचे सगळेच उपाय यशस्वी झाले असं मी म्हणणार नाही. मातोरीच्या वळणावर चार कुत्री सायकलींच्या मागे लागत. साडूंनी त्यांना शांत करायला खिशातून टोस्ट न्यायला सुरुवात केली. कुत्री शांत झाली हे खरं, पण महिन्याभरात चाराची अकरा झाली, आणि ती वळणाच्या अलीकडे अर्ध्या किलोमीटरवरून आम्हाला प्रेमाने भेटायला धावत येऊ लागली. रागाने मागे लागलेल्या कुत्र्यापासून माणूस पळू तरी शकतो, प्रेमाने चाकात शिरणाऱ्या कुत्र्याचं काय करायचं हे कोणालाच सुचेना. शेवटी आम्ही तीन महिने रस्ता बदलला. साडूंनी चूक मान्य केली नाही. टोस्टाऐवजी भाकरी न्यायला हवी होती एवढंच म्हणाले.

आणि द्वारका चौक. घोटीला जायचं एकदा ठरलं तेव्हा त्या दिवशीची काही मंडळी नाशिकरोडची म्हणून आम्ही द्वारकेला जमलो. तिथे चारी बाजूंनी रस्ते येतात आणि पहाटे सिग्नलचं कोणी मनावर घेत नाही. साडूंनी सगळ्यांना सायकलवरून उतरवलं. मग अठरा माणसं, त्यांत एक सर्जन, दोन इंजिनिअर, एक निवृत्त तहसीलदार आणि एक मुख्याध्यापिका, एका रांगेत, उजवा हात वर करून, सायकली ढकलत चौक ओलांडू लागली. ट्रक थांबले. रिक्षावाले उतरून बघायला आले. एकाने विचारलं, कोणत्या महाराजांची यात्रा आहे? मुख्याध्यापिका बाई वर्षानुवर्षं मुलांना असाच रस्ता ओलांडायला लावत होत्या, पण स्वतः हात वर करण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. पलीकडे पोचल्यावर त्या म्हणाल्या की मुलांना किती लाज वाटत असेल हे मला आज कळलं.

पण हे सगळं वरवरचं. साडूंची खरी कमाल त्यांच्या उजव्या कानात होती. आरसा दाढीला, रस्त्याला कान, असं ते म्हणत. पाठीमागे फुलांच्या पाट्यांचा डोंगर असताना मागचं दिसणं शक्यच नव्हतं, मान वळवली तर तोल जायचा, त्यामुळे तीस वर्षांत जे काही शिकला तो त्यांचा कान शिकला होता. गाडी दृष्टीच्या टप्प्यात येण्याआधी मागून त्यांची हाक यायची. नुसतं "मागून गाडी" नाही. मागून पिकअप, रिकामी, घाईत हाय. मागून एसटी, दमानं येतीय. मागून ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, दुसरी हालतीय. आम्ही सुरुवातीला वळून खात्री करायचो. पुढे तेही सोडलं. मागे साडू आहेत म्हटल्यावर मागे बघायची गरजच काय? माझ्याच घरात मला इतकं निर्धास्त कधी वाटलं नाही, जितकं त्या माणसाच्या पुढे सायकल चालवताना वाटायचं.

गेल्या दिवाळीनंतर या हाका उशिरा येऊ लागल्या. गाडी शेजारून निघून गेल्यावर मागून ऐकू यायचं, मागून गाडी. साडूंनी याचं खापर विजेच्या गाड्यांवर फोडलं. ह्या नव्या गाड्या चोरावानी येतात, आवाजच नाय, माणसानं ऐकायचं काय, असं ते वैतागून सांगत. ते खरंही होतं. पण हळूहळू त्यांच्या मते रस्त्यावरच्या सगळ्याच गाड्या विजेवर चालू लागल्या. आधी रिक्षा, मग जीप, आणि एका रविवारी तर खडीने भरलेला डंपर आमच्या अगदी शेजारून धडधडत गेला तेव्हा त्यालाही त्यांनी इलेक्ट्रिक ठरवलं. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

पहिल्यांदा ओळखलं ते मुख्याध्यापिका बाईंनी. त्या साडूंच्या बरोब्बर पुढे चालवायच्या. वर्गातल्या कोणत्या मुलाला फळ्यावरचं दिसत नाही आणि कोणाला ऐकू येत नाही हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी मनगटावर बांधायचा एक छोटा आरसा आणला, तो बाहीखाली लपवला, आणि साडूंच्या आधी क्षणभर स्वतःच हाक देऊ लागल्या. अगदी साडूंच्या थाटात. मागून टेम्पो, भरलेला. साडू मागून कुरकुरत, बाई लय घाई करता, मी तेच म्हणणार हुतो. बाई मान न वळवता म्हणत, चुकलं दादा. भरलेला म्हणजे कशाने, हे मात्र बाईंना जमत नसे. त्यांच्या टोमॅटोच्या टेम्पोत नेहमी कोबी निघे आणि साडू ते जाताना बघून दुरुस्त करत, त्यामुळे आपला कान अजून शाबूत आहे अशी त्यांची खात्री उलट वाढली.

एका संध्याकाळी डॉक्टरांच्या घरी पोह्यांवर बैठक झाली, साडूंना न कळवता. त्यांना कोणीतरी सांगायला हवं, यावर एकमत झालं. कोणी सांगायचं, यावरही लगेच एकमत झालं. नातेवाईक मी. मी दोनदा मखमलाबादला गेलो. एकदा दोन किलो वांगी घेऊन परत आलो, एकदा शेवंतीचा भारा. विषय काढायला तोंड उघडलं की साडू कोणत्या रस्त्यावर नवीन खडी टाकली आहे ते सांगू लागत. त्यात ताईने मला ओट्यावर गाठलं. घरात टीव्ही किती मोठ्याने लागतो हे तिला माहीत नव्हतं थोडंच? ती हलक्या आवाजात म्हणाली, "बोलू नका त्यांना. रविवार गेला तर माणूस बसूनच जाईल." मी बायकोला हे सांगितलं, बायकोने डोळे पुसले, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की काही बोलायचं नाही. बाईंचा आरसा आहेच. आम्हाला वाटलं, केवढी माया करतोय आपण.

फेब्रुवारीत बाईंच्या भाच्याचं लग्न निघालं. शनिवारी त्यांनी आरसा माझ्या घरी आणून दिला, तो कसा बांधायचा, किती वेळाने बघायचा, सगळं शाळेतल्यासारखं दोनदा सांगितलं. रविवारी मी साडूंच्या पुढे, उजव्या मनगटावर आरसा बांधून. डाव्या मनगटावर माझं नवं घड्याळ होतं, छातीचे ठोके दाखवणारं. आमच्यात एक तरुण मुलगी जानेवारीपासून येऊ लागली होती, सॉफ्टवेअरमधली, कमी बोलणारी. ती माझ्यापुढे चार सायकली होती. गिरणाऱ्याहून परतताना तिच्यासमोर खड्डा आला. मागून हाक नव्हती, म्हणजे रस्ता मोकळा, असं धरून ती सरळ उजवीकडे वळली. आणि त्याच वेळी टोमॅटोच्या क्रेट लादलेली पिकअप तिच्या शेजारी आली. करकचून ब्रेक, हॉर्न. ती घाबरून डावीकडे ओढली गेली, खड्ड्यात गेली आणि रस्त्याकडेच्या मुरमात घसरत पडली. मी त्या वेळी काय करत होतो ते सांगतो, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी माझ्या छातीचे ठोके बघत होतो. एकशे अठ्ठेचाळीस.

नशीब बलवत्तर. कोपर सोललं, गुडघा सुजला, हेल्मेटला तडा गेला, डोक्याला काही नाही. डॉक्टरांनी तिथेच हात-पाय हलवून बघितले. पिकअपवाला बिचारा पांढराफटक पडला होता, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजत होता. साडू सगळ्यांत शेवटी पोचले. ती पिकअप त्यांच्या कोपराला घासून पुढे आली होती, आणि ती आपल्या शेजारून गेल्यावरच त्यांना दिसली होती. त्यांनी मुलीसमोर बसून विचारलं, पोरी, वळताना मागं ऐकलं नाय का? तिला आमच्या गुपिताची काहीच कल्पना नव्हती. हाक बाईच देतात, ते बाईंचंच काम, असं ती पहिल्या दिवसापासून समजून चालली होती. ती रडत म्हणाली, "आज बाई नाहीत ना काका, म्हणून मागून कोणी ओरडलंच नाही."

साडू तिच्या तोंडासमोर होते, त्यामुळे हे त्यांना नीट ऐकू आलं. ते उठले. माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मनगटाकडे. किती दिवस, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दिवाळीपासून. समद्यांना ठाऊक हाय? मी मान हलवली. मला वाटलं ते चिडतील, किंवा त्यांना वाईट वाटेल आणि ते गप्प बसतील, या दोन्हीची मी मनात तयारी केली होती. त्यांचा आवाज मात्र अगदी साधा होता.

"मला वाईट वाटंल म्हणून तुम्ही बोलला नाय. ठीक हाय. पर पुढचा माणूस मागं बघत नाय, का, तर शेवटचा ऐकतोय म्हणून. आन् शेवटचा बहिरा हे तुम्हाला ठाऊक. माझं मन राखलं पाव्हणे, पोरगी खड्ड्यात घातली."

त्यांनी माणसं मोजली, मुलीला पिकअपवाल्याच्या शेजारी बसवून डॉक्टरांबरोबर दवाखान्यात पाठवलं, तिची सायकल क्रेटांवर बांधली. मग नेहमीसारखे शेवटी राहिले, पण परतीच्या वाटेवर त्यांनी एकही हाक दिली नाही. प्रत्येक जण दर मिनिटाला मान वळवून मागे बघत होता. कित्येक वर्षांनी ते आम्ही पुन्हा करत होतो.

पुढच्या रविवारी साडू आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मी मखमलाबादला गेलो. या वेळी विषय काढायला लागलाच नाही. ते शेवंती खुडत होते, मला शेजारच्या सरीत उभं करून त्यांनी आपणहून सांगितलं. ताईला घेऊन ते कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. उजवा कान जवळजवळ गेलेला. मशीन मिळालं आहे, पण सायकलवर वाऱ्याचा नुसता घोंघाट होतो, त्याचा उपयोग घरात. आणि घरात लावलं की ताईचं सगळंच ऐकू येतं, तेव्हा त्यातही नुकसानच. हे सांगताना ते हसले, म्हणून मलाही हसता आलं. मी माफी मागितली, डाव्या बाजूला जाऊन, मोठ्याने, बांधावरच्या मजुरांनाही ऐकू जाईल अशी. परत या म्हटलं. ते म्हणाले, बघू. पंधराव्या वर्षापासूनचा रस्ता त्या एका शब्दात सुटणार की राहणार, ते मला कळेना. घरी येईपर्यंत मी त्या "बघू"चाच विचार करत होतो.

तिसऱ्या रविवारी आम्ही गंगापूर रोडला जमलो तर साडू आधीच तिथे होते. कोपराला पट्टी बांधून ती मुलगीही आली होती, नुसतं भेटायला. साडूंनी हेल्मेट काढलं, टोपीही काढून हातात घेतली. मी त्यांना टोपीशिवाय फक्त त्यांच्या आईच्या दहाव्याला पाहिलं होतं. ते सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "माझा उजवा कान गेलाय. मला शेवटी ठेवू नका, मधी घ्या. आन् अजून कुणाचं काय गेलं असंल तर आत्ताच सांगा."

मग हाडांचे डॉक्टर घसा खाकरून म्हणाले की दोन वर्षं त्यांचा उजवा खांदा आखडला आहे, मान वळवून मागे बघताच येत नाही, आणि हाडांच्या डॉक्टरने हे कोणाला सांगायचं म्हणून त्यांनी सांगितलं नाही. निवृत्त तहसीलदारांनी मोतीबिंदू कबूल केला; उजाडेपर्यंत ते केवळ पुढच्याच्या लाल दिव्याच्या भरवशावर येत होते. मुख्याध्यापिका बाईंनी खाली मान घालून सांगितलं की मोठा उतार आला की त्यांचे डोळे आपोआप मिटतात, एकच क्षण. एका इंजिनिअरला पुढचा ब्रेक डाव्या हाताला की उजव्या, हे आणीबाणीत आठवत नसे. एकेकाने सांगायला सुरुवात केली ती थांबेना, आणि पंधरा मिनिटांत असं दिसून आलं की ज्या घोळक्यात आपण इतकी वर्षं इतके निर्धास्त होतो, त्यात धड माणूस शोधून सापडणं कठीण आहे. हसू तरी किती आवरायचं? डॉक्टर तर रस्त्याकडेला बसूनच हसत होते. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं की मी रक्तदाबाची गोळी घेतो, चढावर कधीकधी डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि बायकोला हे माहीत नाही. साडू म्हणाले, तुमच्या बायकोला माहिती हाय, तिनंच मला सांगितलंय.

मग त्यांनी टोपी घातली, वर हेल्मेट चढवलं आणि नव्याने रांग लावली. कोणाच्या पुढे कोण, कोणाचा कमीपणा कोण भरून काढेल, हे बघून. बाई शेवटी, आरसा उघडा, उतार सोडून. उताराला त्यांच्या जागी दुसरा. तहसीलदार उजाडल्यावर सामील होणार. स्वतः ते बरोबर मध्ये उभे राहिले आणि मला म्हणाले, तुम्ही माझ्या मागं, हाक आली की ठणकावून पुढं द्या, डावा कान हाय अजून.

निघालो. थोडं अंतर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की सात वर्षं हा माणूस माझ्या मागे होता, त्यामुळे सायकलवरची त्यांची पाठ मी कधी पाहिलीच नव्हती. ती चांगलीच वाकली होती. स्वेटर मानेखाली विरला होता, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेला होता, आणि पायडल मारताना दर वेळी कमरेतून जोर लावावा लागत होता. हे असं कधीपासून होतं, कोण जाणे. आनंदवलीच्या पुढे चढ लागला तसे ते आणखी हळू झाले, आणि कोणी न सांगता आमची अख्खी रांग त्यांच्या वेगाने गिरणाऱ्याकडे चालू लागली.